पोरगा सगळ्यांसमोर उलटून बोलला, आता त्याच्याशी बोलायचं कसं? (नव्या सेक्शन कमांडरसाठी, म्हणजे फौजेतल्या दहाएक जणांच्या तुकडीच्या प्रमुखासाठी)

संध्याकाळचं फॉल-इन (रांगेत उभं करून हजेरी) चालू आहे, तुम्ही उद्याच्या ड्युट्या वाचून दाखवताय, आणि दोन वर्षं सर्व्हिस झालेला एक पोरगा मधेच तोंड उघडतो, "परत माझंच नाव? दुसरं कोणी दिसत नाही का तुम्हाला? सांगा कुणाला सांगायचं ते, मी नाही घाबरत." आणि मग सगळं गप्प. नऊ जण सावधानमध्ये समोर बघतायत पण कान सगळ्यांचे तुमच्याकडे, आता हवालदार काय करतो.

हे माझ्यासोबत झालेलं आहे, अगदी याच शब्दात. मी इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीच सेक्शन आणि प्लाटून (काही सेक्शन मिळून होते ती) सांभाळण्यात गेली, आणि असे प्रसंग चार-पाच वेळा तरी आले. पहिल्या वेळी मी वाईट हाताळलं, त्याचं पुढे सांगतो. आता माझ्या ओळखीतले पोरं नाईक, हवालदार होतायत आणि फोन करून हेच विचारतात की असं झालं तर करायचं काय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

पहिली पाच सेकंदं

त्या क्षणी आवाज चढवू नका. मला माहितीय अंगाची आग होते, पण तुम्ही ओरडलात की तो परत ओरडणार, आणि मग ते भांडण होतं, आणि भांडणात रँक राहत नाही. मी त्या दिवशी एवढंच म्हणालो, "ड्युटी तीच राहील. तुझ्याशी मी नंतर बोलतो." आणि पुढचं नाव वाचलं. आवाज उलट खाली आणला. पूर्ण लिस्ट वाचली, फॉल-आउट केलं, आणि मगच हललो. सेक्शनला एवढं कळणं गरजेचं असतं की ऑर्डर बदलली नाही आणि हवालदारही हलला नाही, बाकीचं नंतर.

फॉल-आउट झाल्या झाल्या पहिला विचार हत्याराचा करायचा. तुमच्या इगोचा नाही, शिस्तीचाही नाही, हत्याराचा. पोरगा तापलेला आहे आणि रात्री त्याला भरलेली रायफल घेऊन एकट्याने संतरी उभं राहायचंय, हे तुम्हाला चालेल का? मला चाललं नाही. मी प्लाटून हवालदाराला जाऊन सरळ सांगितलं की आज याला गार्डवर नको, हत्यार कोतमध्ये (शस्त्रांच्या खोलीत) जमा राहू दे, आणि त्याच्या बडीला, म्हणजे जोडीदार जवानाला, बाजूला घेऊन सांगितलं की आज रात्री याला एकटा सोडू नकोस. फॉल-इनमध्ये ड्युटी तीच म्हणालो आणि नंतर बदलली, मग शब्द फिरवला असं नाही का झालं? झालं. पण ते सेफ्टीसाठी झालं, त्याच्या ओरडण्यामुळे नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला ते स्पष्ट सांगितलं सुद्धा. फौजेत रजा नाकारली, सगळ्यांसमोर अपमान झाला अशा रागातून गोळी चाललेल्या घटना झालेल्या आहेत, कधी स्वतःवर कधी दुसऱ्यावर, त्यामुळे इथे "असं काही होणार नाही" म्हणून बसायचं नाही.

दारू प्यायलेला असेल तर त्या रात्री एक शब्द सुद्धा बोलू नका. नशेतल्या माणसाला समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवा, सोबत माणूस द्या, वर कळवा. नशेचा गुन्हा वेगळा, आर्मी ॲक्टचं कलम ४८, आणि तो विषय तुमच्या हातातला नाही.

शिक्षेची पॉवर तुमच्याकडे नाही, हे आधी समजून घ्या

हे मी ठळक सांगतो कारण निम्मे एनसीओ (नाईक, हवालदार वगैरे) इथेच चुकतात. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये कलम ४० आहे, त्यात वरिष्ठाशी उद्धट भाषा हा गुन्हा आहे आणि कोर्ट मार्शलमध्ये त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वरिष्ठ म्हणजे फक्त अधिकारी नाही, एनसीओ सुद्धा त्यात येतो. म्हणजे पोरगा जे बोलला ते लहान नाही. पण शिक्षा द्यायची कुणी? कलम ८० खाली ती पॉवर कमांडिंग ऑफिसरकडे (सीओ, युनिटचा प्रमुख) आहे, २८ दिवसांपर्यंत कैद किंवा लाइन्समध्ये कन्फाइनमेंट (बॅरकचा परिसर सोडायला बंदी), दंड, रिप्रिमांड (ठपका) वगैरे, आणि त्याच यादीत "एक्स्ट्रा गार्ड किंवा ड्युटी" पण आहे. नीट वाचा. एक्स्ट्रा गार्ड ही कायद्याने शिक्षा आहे. म्हणजे तुम्ही राग धरून त्याला पुढचे पंधरा दिवस रोज रात्री गार्डवर टाकलंत तर तुम्ही नसलेली पॉवर वापरताय.

आणि हात लावला तर कलम ४७. हाताखालच्या माणसाला मारणं किंवा वाईट वागवणं, ७ वर्षांपर्यंत. बघा, त्याच्या उद्धट बोलण्यापेक्षा तुमच्या थपडेला कायदा जास्त मोठा गुन्हा मानतो, आणि मला ते बरोबरच वाटतं, कारण तो तुमच्या ताब्यात आहे, तुम्ही त्याच्या ताब्यात नाही.

मी नवा नाईक होतो तेव्हा हे सगळं कळत नव्हतं. एका पोराने मला "तुम्ही नाही शिकवायचं" असं काहीतरी म्हटलं, आणि मी त्याला तिथेच सगळ्यांसमोर रगडा दिला, लोळवलं, पिठ्ठू (पाठीवरचं सामान) घालून ग्राउंडला पळवलं. त्याने सगळं केलं, एक शब्द बोलला नाही. मला वाटलं सरळ झाला. पण त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही, म्हणजे हो साहेब, नाही साहेब, तेवढंच. पुढे पोस्टवर तीन दिवस ताप अंगात घेऊन ड्युटी करत राहिला आणि चौथ्या दिवशी खाली पडला, एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) न्यावं लागलं. मी विचारलं सांगितलं का नाहीस, तर म्हणाला, "तुम्हाला सांगायचं नव्हतं." ते वाक्य मी आजही विसरलो नाही. जो जवान त्रास सांगत नाही तो सेक्शनला धोका असतो, आणि त्याला तसा मी केला होता.

मग आपल्याकडे राहतं काय? बोलणं. वर रिपोर्ट करणं आणि बोलणं, एनसीओकडे ही दोनच हत्यारं आहेत, आणि बोलण्याचं हत्यार नीट चालवलं तर दहापैकी आठ वेळा रिपोर्टची गरज पडत नाही असा माझा अनुभव आहे.

बोलायच्या आधी माहिती काढा

त्याच तासात बोलायचं नाही आणि आठवडा पण जाऊ द्यायचा नाही. रात्र जाऊ द्या, दोघांची झोप होऊ द्या, दुसऱ्या दिवशी बोला. मधल्या वेळात तीन-चार जणांना भेटा. बडीला विचारा झोपतो का, जेवतो का, फोनवर कुणाशी भांडला का. लंगरवाला (स्वयंपाकघरातला) कोण जेवायला येत नाही ते बरोबर सांगतो. कंपनी ऑफिसच्या क्लार्कला विचारा याचा रजेचा अर्ज कुठे आहे. चौकशी करताना चर्चा मात्र करायची नाही, "काल बघितलं का काय बोलला तो" असं तुम्ही चहाला बसून म्हणालात की संपलं, पुढचं बोलणं बिनकामाचं होतं.

आणि स्वतःचं रजिस्टर उघडा. हे कुणाला आवडत नाही पण करा. मी माझं ड्युटी रजिस्टर काढलं आणि आठ दिवसांत त्याचं नाव किती वेळा आलंय ते मोजलं. चार वेळा. दुसऱ्या कुणाचंही दोनपेक्षा जास्त नव्हतं. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण कसं झालं ते मला लगेच कळलं, एक जण पाठ दुखते म्हणायचा, एक कोर्सची तयारी करतोय म्हणायचा, एकाला स्पोर्ट्सला पाठवलेलं, आणि हा पोरगा कधीच काही म्हणत नव्हता म्हणून पेन आपोआप त्याच्या नावावर जात होतं. जो तक्रार करत नाही त्याच्यावर ओझं टाकायची सवय सगळ्याच एनसीओंना लागते. त्याचं बोलणं चूकच होतं, पण त्याचा हिशोब बरोबर होता.

क्लार्ककडून दुसरी गोष्ट कळली, त्याचा रजेचा अर्ज अकरा दिवसांपासून तसाच पडून होता आणि त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, होणार का नाही होणार.

आधी उभं राहून, मग बसून

जागा अशी निवडा जिथे दुसरं कोणी ऐकणार नाही. बॅरक नको, कंपनी ऑफिस नको कारण तिथे कुणीतरी फाइल घेऊन येतंच. मी पीटी ग्राउंडच्या कडेला एका झाडाखाली दोन स्टूल ठेवून घेतले होते. मोबाईल दोघांचेही बंद.

माझी पद्धत अशी की बोलण्याचे दोन भाग करायचे आणि ते शरीराने वेगळे करायचे. पहिला भाग उभं राहून. तो सावधान, मी पण सरळ उभा. दोन-तीन मिनिटांच्या वर नाही. यात फक्त काय झालं आणि ते का चालणार नाही एवढंच. आणि इथे त्याचे स्वतःचे शब्द वापरायचे, जसेच्या तसे.

मी म्हणालो, "काल फॉल-इनमध्ये मी ड्युटी वाचत असताना तू म्हणालास, सांगा कुणाला सांगायचं ते. हे शब्द तू बोललास का?"

तो म्हणाला, "हो साहेब, पण..."

"पण नंतर. बोललास का?"

"हो साहेब."

"हे चूक होतं. ड्युटी चुकीची लागली असेल तरी हे चूक होतं. पोस्टवर रात्री दोन वाजता मी म्हणालो डावीकडे सरक आणि तू म्हणालास का सांगता, तर डावीकडचा माणूस मरतो. म्हणून फॉल-इनमध्ये पण ती सवय लागू द्यायची नाही. समजलं?"

"समजलं साहेब."

एवढंच. "तू उद्धट आहेस", "तुझे संस्कार", "आजकालची पोरं", आई-बाप, गाव, जात, यातलं काहीही नाही. तो उद्धट आहे असं म्हणालात तर तो मनात म्हणतो मी नाही, आणि तिथे दार बंद. तो काय बोलला ते म्हणालात तर नाही म्हणायला जागाच नाही, नऊ जणांनी ऐकलंय. कलमाची भीती पण इथे घालायची नाही, कलम सांगायचं असेल तर एकदा माहिती म्हणून सांगा, "हे वर गेलं असतं तर कलम ४० लागू शकलं असतं, तुला माहिती असावं म्हणून सांगतोय", बस्स, धमकीच्या सुरात नाही.

मग मी म्हणालो, "विश्राम. बस." आणि मी पण बसलो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यानेही काढली. टोपी काढली की माणूस थोडा वेगळा होतो, का ते मला सांगता येणार नाही पण होतो.

दुसऱ्या भागात तुमचं काम गप्प बसायचं आहे. एकच प्रश्न विचारा, "काल संध्याकाळच्या आधी काय झालं होतं?" असं का बोललास असं विचारू नका, त्याला उत्तर "चुकलं साहेब" एवढंच येतं. आधी काय झालं विचारलं की माणूस सांगायला लागतो. आणि तो गप्प बसला तर बसू द्या. तो पोरगा दोन मिनिटं तरी टोपीची किनार अंगठ्याने घासत बसला होता, मी काही बोललो नाही, हे सगळ्यात अवघड असतं कारण आपल्याला सवय आहे मधे उपदेश घुसवायची. मग म्हणाला, "घरून फोन आला होता."

चुलत्याने बांध फोडून नांगर आत घातला होता. बाप मधे पडला तर त्याला ढकलून दिलं, हात फ्रॅक्चर. घरात आई आणि बहीण. गावात लोक म्हणत होते मुलगा फौजेत असून काय उपयोग. फोन दुपारी चारला आला, फॉल-इन सहाला होतं, रजेचं अकरा दिवस काही कळत नव्हतं, आणि मी चौथ्यांदा त्याचं नाव वाचलं.

ऐकून घेतल्यावर काय? आपली चूक असेल तर कबूल करा, आणि लांबण लावू नका. मी म्हणालो, "मी रजिस्टर बघितलं. तुझं नाव चार वेळा लागलंय, ते माझं चुकलं, आजपासून नीट होईल." काही लोक म्हणतात एनसीओने ज्युनिअरसमोर चूक कबूल केली की वजन जातं. माझं असं झालं नाही. उलट त्याने पहिल्यांदा मान वर केली. पण क्रम महत्त्वाचा, आधी त्याची चूक पूर्ण झाली पाहिजे मग तुमची, उलटं केलंत तर तो म्हणणार बघा माझं बरोबरच होतं.

त्याचं घरचं काम हातात घ्या

इथे खूप जण थांबतात. "टेन्शन घेऊ नको, होईल सगळं ठीक" म्हणतात आणि उठतात. त्याने काय होतं? काहीच होत नाही. जमिनीचा वाद असेल तर फौजीसाठी करता येण्यासारखं बरंच आहे आणि ते तुम्हाला माहिती पाहिजे. जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असतं. युनिटकडून कलेक्टर किंवा एसपींना पत्र जाऊ शकतं की आमचा जवान सेवेत आहे, त्याच्या घरच्या तक्रारीकडे लक्ष द्यावं. केस कोर्टात असेल तर इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट १९२५ नावाचा कायदा आहे, जो जवान फील्डमध्ये किंवा अशा ड्युटीवर आहे जिथून कोर्टात येऊ शकत नाही, त्याच्या मागे दिवाणी आणि महसुली केस एकतर्फी उरकली जाऊ नये म्हणून. शंभर वर्षं झाली या कायद्याला आणि निम्म्या जवानांना तो माहितीच नाही.

मी त्याला तिथेच कागद दिला आणि म्हणालो सगळं लिही, गट नंबर, गाव, तालुका, चुलत्याचं नाव, बापाला कुठे दाखवलं, पोलिसात तक्रार दिली का. कागद घेऊन मी एसजेसीओ साहेबांकडे (सीनियर जेसीओ; जेसीओ म्हणजे एनसीओ आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा) गेलो, साहेब कंपनी कमांडरकडे. पत्र गेलं आणि रजेचं पण कळलं, सगळी नाही पण दहा दिवस मिळाली. रजा देणं आपल्या हातात नसतं, आणि जवानाला वर्षाची रजा कितीही हक्काची वाटली तरी ती मॅनपॉवर बघूनच सुटते. पण रजेचं काय झालं हे त्याला वेळेवर सांगणं आपल्या हातात नक्की असतं. नाही म्हटलेलं पोरं पचवतात, लटकवलेलं पचवत नाहीत.

बोलताना कधी वेगळंच काही समोर येतं. झोप लागत नाही, जगून काय उपयोग, माझ्यामागे घरच्यांचं बघा, अशी भाषा आली किंवा स्वतःच्या वस्तू वाटायला लागला, तर तिथे तुमचं काउन्सेलिंग थांबलं. हत्यार लांब, माणूस सोबत, आणि सरळ आरएमओ साहेबांकडे (युनिटच्या डॉक्टरकडे) न्यायचं, तेही त्याच दिवशी. धर्मगुरू जेसीओ असतात, युनिटमध्ये ट्रेनिंग घेतलेला काउन्सेलर असेल तर त्याची पण मदत घ्या, पण डॉक्टर आधी. "मर्द बन" हे वाक्य अशा वेळी तोंडातून निघता कामा नये.

माफी कशी मागायची

तो नऊ जणांसमोर बोलला होता त्यामुळे विषय झाडाखाली संपत नाही, सेक्शनला पण दिसलं पाहिजे. मी त्याला म्हणालो, उद्याच्या फॉल-इनमध्ये तू एक वाक्य बोलशील, तुझ्या शब्दात. पाया पडायचं नाही, कान धरायचे नाहीत, कागदावरून वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो एक पाऊल पुढे आला, म्हणाला, "परवा मी हवालदार साहेबांना जे बोललो ते चुकलं, परत होणार नाही." आणि मागे गेला. त्यानंतर मी म्हणालो, "ड्युटी रजिस्टरमध्ये माझ्याकडून चूक झाली होती, ती सुधारली आहे, उद्याची लिस्ट ऐका." आणि लिस्ट वाचली. सगळं मिळून एक मिनिट पण लागलं नाही.

माफी जबरदस्तीने घ्यायची नाही हे पण सांगतो. तो म्हणाला असता मी नाही बोलणार, तर मी वर रिपोर्ट केला असता, पण हात पिरगाळून माफी घेतली नसती. अशी माफी सेक्शनला लगेच ओळखू येते.

नाराजी असेल तर कशी सांगायची हे पण त्याच बैठकीत शिकवा, कारण आपण पोरांना बोलू नको एवढंच शिकवतो, कसं बोलायचं ते कुणी शिकवतच नाही. आमचं ठरलं, आधी ऑर्डर पाळायची, मग फॉल-आउटनंतर येऊन म्हणायचं, "साहेब, पाच मिनिटं पाहिजेत." मी त्याच दिवशी देणार. मी ऐकलं नाही तर प्लाटून, मग कंपनी, आणि मग लेखी तक्रारीचा हक्क आर्मी ॲक्टच्या कलम २६ मध्ये दिलेला आहेच. हो, स्वतःविरुद्ध तक्रार कशी करायची ते मी स्वतः सांगितलं. त्यामुळे त्याला पटलं की हा माणूस खरं बोलतोय.

लिहून ठेवा. तारीख, काय झालं, काय बोलणं झालं, काय ठरलं, पुढे कधी भेटायचं, चार ओळी तुमच्या डायरीत आणि प्लाटून हवालदाराला तोंडी माहिती. वर न सांगता दाबून टाकू नका, उद्या काही झालं तर तुम्हाला काय माहिती होतं हे पहिलं विचारलं जाईल. पण माहिती देणं आणि चार्ज लावायला सांगणं यात फरक आहे, आणि सीएचएमला (कंपनी हवालदार मेजरला) तो फरक कळतो. त्याच्या रेकॉर्डला लाल शाईची एन्ट्री (शिक्षेची नोंद) पडली की ती पुसत नाही, अशा चार झाल्या की डिस्चार्जचा विषय निघू शकतो, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जरी सांगितलंय की नुसत्या चार एन्ट्री मोजून आपोआप घरी पाठवता येत नाही, सर्व्हिस किती झाली, कुठल्या कठीण जागी केली ते बघावं लागतं, तरी पहिली एन्ट्री पडायचं कारण एका संध्याकाळचा राग असू नये असं मला वाटतं.

अग्निवीर असेल तर अजून जपून. २०२२ पासून येणाऱ्या या पोरांना चार वर्षांची मुदत आहे आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार हे त्यांच्या डोक्यात रोज असतं. रजा वर्षाला ३० दिवस, रेग्युलरवाल्याला ६० ॲन्युअल आणि ३० कॅज्युअल, एकाच बॅरकमध्ये. ही पोरं एकतर काहीच बोलत नाहीत नाहीतर एकदम फुटतात. "तुझं पर्मनंट होणं माझ्या रिपोर्टवर आहे" हे वाक्य मी एका एनसीओच्या तोंडून ऐकलंय आणि मला लाज वाटली. त्या वाक्याने पोरगा तुमच्यासमोर गप्प होईल, पण त्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला परत कधीच कळणार नाही.

कधी हे सगळं करायचं नाही

अंगावर हात टाकला, हत्यार रोखलं, धमकी दिली, किंवा तुम्ही समोरासमोर दिलेली ऑर्डर ठरवून धुडकावली, तर हा बोलण्याचा विषय राहत नाही. ऑर्डर मोडणं म्हणजे कलम ४१, ते उलट बोलण्यापेक्षा खूप पुढचं आहे. तिथे साक्षीदार कोण होते ते लिहा, शब्द जसेच्या तसे लिहा, मीठमसाला न लावता वर द्या, आणि मधून बाजूला व्हा. सीओ साहेबांसमोर मार्च-अप (पेशी) होईल, तिथे त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारायचा आणि स्वतःचे साक्षीदार आणायचा हक्क आहे, त्यामुळे तुमचा कागद खरा असला पाहिजे. तेच परत उलट बोलण्याचं, एकदा सांगून, मदत करून, परत तीन आठवड्यांत तसंच झालं, तर दुसऱ्या वेळी झाडाखाली बसायचं नाही, रिपोर्ट करायचा. मी एकाचा केला आहे, आणि त्याला आधीच सांगून केला.

बोलणं झालं की आठव्या दिवशी परत भेटा, अगदी पाच मिनिटं. मग महिन्याने. पहिल्या भेटीत मी त्याला एक काम दिलं, पुढचा महिनाभर सेक्शनची गार्ड लिस्ट तू बनवायची, मी चेक करून सही करणार. पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाला, "साहेब, हे जमतच नाही, प्रत्येकाचं काहीतरी असतं." मी म्हटलं रेघा मार, प्रत्येकाच्या नावापुढे किती रात्री झाल्या ते आकडे लिही, मग जमेल. त्याने पेन्सिलने रकाने आखले, आणि ते रकाने मी सेक्शन सोडेपर्यंत त्या रजिस्टरमध्ये चालू होते.

आणि तो दुसऱ्या सेक्शनला गेला तर नव्या कमांडरला काय सांगायचं हे पण ठरवून ठेवा. मी सांगितलं, पोरगा मेहनती आहे, कधी नाही म्हणत नाही म्हणून त्याच्यावर जास्त टाकू नकोस, घरी जमिनीची केस चालू आहे, तारखेच्या आसपास विचारपूस कर. फॉल-इनचं काही सांगितलं नाही.